खोट्या हळदीचं जेवण

आधी नाव हिरामावशींचं. त्या नसत्या तर खडवलीजवळच्या त्या गावाने आमचं अख्खं युनिट भातसा नदीत बुडवलं असतं. पहिला मी गेलो असतो, कारण मला पोहता येत नाही.

हिरामावशी धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीची गाणी म्हणतात, त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते म्हणणारी ती धवलारीण. आम्ही त्यांना एका सीनपुरतं बोलावलेलं.

मी कॉलेजच्या पोरांच्या फिल्म्सचा प्रॉडक्शन मॅनेजर. नाव भारी आहे, काम साधं. लोकेशन मिळवायचं, परवानगी काढायची, चहा गरम ठेवायचा आणि काही बिघडलं की शिव्या खायच्या. नववीत शाळा सोडून किनवटहून ठाण्याला आलो, तेव्हापासून कोपरीत चौघांत एका खोलीत राहतो. मॅनेजर म्हणून ही पहिलीच फिल्म होती. कॉलेजच्या सरांनी सांगितलेलं, "ही नीट पार पडली तर पुढच्या बॅचचं काम तुला. नाहीतर दुसरा बघू."

डायरेक्टर इशान घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वाढलेला. त्याच्या फिल्मचा विषय आगरी हळद. रिसर्च म्हणून तो इतक्या हळदींना जेवून आला की त्याची जीन्स बसेना. प्रत्येक मीटिंगला एकच शब्द, ऑथेंटिक. एका खऱ्या हळदीच्या फ्लेक्सचा त्याने फोटो काढला आणि हुबेहूब तसाच फ्लेक्स छापून घेतला. नवरा-नवरीची नावं खोटी, तारीख शूटिंगची. स्थळ मात्र खरं, कारण ज्यांच्या अंगणात शूटिंग होतं त्या जगदीशदादांना आपलं नाव फ्लेक्सवर हवंच होतं. खालची ओळही तशीच राहिली, समस्त ग्रामस्थांनी हळदीला व भोजनास यावे.

"नाक्यावर आत्ताच लाव," इशान म्हणाला.

"अरे, शूटिंग तर परवा आहे."

"थोडी धूळ बसू दे ना. नवा दिसतो."

मी लावला. धूळ बसली.

शूटिंगच्या संध्याकाळी मांडवात लाइट लागले आणि लोक यायला लागले. शेजारपाजारच्यांना फिल्म माहीत होती. हे आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेले. बायका गजरे माळून, पुरुष कडक इस्त्रीत, हातात आहेराची पाकिटं. इशान नाचायलाच लागला. "फुकट क्राउड! बघ, युनिव्हर्स मदत करतंय!"

एक आजोबा माझ्याजवळ आले. "पोरगा कोनाचा रं? वलखीचा नाय वाटत."

"आजोबा, तो ॲक्टर आहे."

"बरा हाय. सरकारी नोकरी असती तर अजून बरा. जेवन कुठं हाय?"

जेवण म्हणजे युनिटपुरते वडापाव. ते माझ्याच पिशवीत होते. मी पिशवी पाठीमागे घेतली.

एवढ्यात जगदीशदादा आले. चेहरा लालबुंद. "माज्या दारातनं मानूस उपाशी गेला तर उद्या मी गावात फिरू कसा? लाइट काढा. तुमचा शिनेमा गेला खड्ड्यात!"

इशान इंग्रजीतून सॉरी म्हणाला. दादांनी जनरेटरकडे बोट दाखवलं. माझ्या डोळ्यांसमोर सर आले, मग किनवटची बस.

हिरामावशी खुर्चीत बसून पान लावत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "जगदीश, त्या फलेक्सचा फोटू स्टेटसला कोनी लावला रं?"

दादांनी खिशातला फोन चाचपला.

"आपली हलद नाय, शूटिंग हाय, आसा लिवलास का खाली?"

"ऱ्हायला लिवायचा."

"मंग बस खाली."

मावशी उठल्या आणि साउंडवाल्याच्या हातातला माइक घेतला. "आयका! ही हलद खोटी हाय. पोरा शिनेमा करतान. आहेर खिशात ठेवा, वाचला. पन आलाव तर जेवून जावा. ज्याच्या घरान आज जो शिजलाय, तो घेऊन या. जगदीश, तुज्या घरचा मोठा टोप आधी काढ."

मग ते आजोबा असे हसले की त्यांची कवळी हलली, आणि मागोमाग सगळा मांडव हसला. शेजारच्या घरांतून टोप निघाले. सुकटीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, कुणाची नुसती वालाची आमटी. दादांच्या घरचं मटण सगळ्यांत आधी संपलं आणि दादांची मान सगळ्यांत आधी वर झाली. पंगत बसली, बायकांनी फेर धरला, मावशी धवले म्हणायला लागल्या. इशान मध्ये एकदाच "कट" म्हणाला. मावशींनी नुसतं बघितलं. पुन्हा म्हणाला नाही.

फिल्म पास झाली. परीक्षकांना पंगतीचा सीन सगळ्यांत आवडला. "इतकं प्लॅनिंग कसं केलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा इशान रिसर्चवर बराच वेळ बोलला. पुढच्या बॅचचं काम मला मिळालं. शिकलो ते एवढंच. रिसर्च म्हणजे बघून येणं. प्लॅनिंग म्हणजे आपण मांडलेलं खोटं कोणी खरं मानलं तर त्याला वाढायचं काय, हे आधी ठरवणं.

त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर हिरामावशी चुलीपाशी उभ्यानेच जेवल्या. वाट्याला आली ती टोपाच्या तळाची आमटी आणि अर्धी भाकरी. मी बघत होतो आणि लाजेने रिकामे टोप उचलत राहिलो. एक दिवस माझ्या कमाईने मी त्या गावाला पंगत देणार आहे. पहिलं ताट मावशींचं. वाढणार मी, आणि ताट संपेपर्यंत त्यांना उठू देणार नाही.