मामांचा कान

गॅरेजमध्ये मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोनेट उघडायचं, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ कुणी पाना आपटायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही! मग मामा निकाल द्यायचे, ‘व्हॉल्व्ह वाजतोय’ किंवा ‘पंपाचं बेअरिंग गेलं’. मामांनी ऐकलं की पुन्हा तपासायचं नाही, हा तिथला कायदा. लोक त्यांना कानसेन म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

अलीकडे मात्र त्यांना सगळं जगच बिघडल्यासारखं वाटत होतं. बायको घरात उगाच ओरडून बोलायची. ज्याच्या हाती गॅरेज सोपवलं तो भाचा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. नव्या इंजिनांना तर आवाजच उरला नव्हता. मामा म्हणायचे, "सगळ्यांनी मूग गिळलेत." परक्या माणसाला यातून जे कळायचं ते चटकन कळलं असतं. मामांना नाही कळलं. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला दिसतो थोडाच!

एका सकाळी त्यांचा जुना दोस्त टॅक्सीवाला आला. त्याच्या घरची चूल त्या एका टॅक्सीवर पेटायची. "चढाला गाडी रडते, मामा. आणि हा पिवळा दिवा विझतच नाही."

भाच्यानं तपासणीचं मशीन जोडलं. मशीन म्हणालं, नॉक सेन्सर. इंजिनात ठोके पडू लागले की हा बोटभर सेन्सर ते टिपतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर घाबरून इंजिनाची ताकद कमी करतो.

"म्हणजे इंजिनाचा कानच की," मामा हसले. "त्याला एक, मला दोन! कानामागून आली आणि तिखट झाली तुमची मशिनं. सरक."

ते वाकले, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. भाचा शेजारीच उभा होता.

"इंजिन स्वच्छ आहे. ठोका नाही. सेन्सरच खोटं बोलतोय, बदलून टाक."

भाचा घुटमळला, मग कामाला लागला. खरं तर जुना सेन्सर काढून मीटरला जोडायचा, शेजारी टकटक करायची. आकडा हलला तर सेन्सर चांगला. चहा निवायच्या आत होणारं काम. पण मामांनी ऐकलं होतं ना! भाच्यानं बॅटरीची वायर सोडली, हवेचा वरचा पाइप उतरवला, खाली इंजिनाला चिकटलेला सेन्सर काढून जागा पुसली, नवा बसवला. "बेतानं आवळ," मामांनी बजावलं, "जास्त आवळलास तर बहिरा होतो तो." बॅटरी सोडली की कॉम्प्युटर मागचं सगळं विसरतो, तसा दिवा विझला. टॅक्सीवाल्यानं हात जोडले आणि गेला.

तो आठवडा संपायच्या आत टॅक्सी दोराला बांधून ओढत आणली. ठोके देणारं आतलं बेअरिंग पार झिजून पिस्टनचा रॉड तुटला होता आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. टॅक्सीवाला एका टायरवर बसून राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांनी भंगाराच्या डब्यातून जुना सेन्सर शोधला, वाइसच्या पकडीत धरला, मीटरच्या वायरी लावल्या आणि शेजारी हातोडी मारली. आकडा हलला. पुन्हा मारली, पुन्हा हलला. सेन्सर ठणठणीत होता. तो बिचारा खरंच सांगत होता.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हाताला हादरा बसत होता, आकडा नाचत होता, पण लोखंडावर लोखंडाचा तो टण् आवाज कुठे होता? त्यांनी जीव खाऊन हातोडी हाणली. गोधडीखालून यावा तसा काहीतरी आवाज आला.

"तुला ठोका ऐकू आला होता?" त्यांनी भाच्याला विचारलं. त्यानं मानेनंच हो म्हटलं.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

भाचा अगदी समोर आला. "बोललो होतो, मामा. दोनदा. तुमच्या शेजारी उभा राहून."

त्या दिवशी घरी बायकोनं "जेवून घ्या" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांना तिच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा दिसल्या. त्यांना रडू फुटलं. पुढे डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतल्या नसा गेल्यात, आता त्या परत यायच्या नाहीत. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं थोडंफार कळेल. इंजिनाचं मामांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी यंत्राची चिठ्ठी लिहायला घेतली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गिऱ्हाइकांसमोर भाचा अजून हाक मारतो, "मामा, ऐका जरा." त्याचं निदान आधीच झालेलं असतं. मामा वाकतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. सगळे चिडीचूप उभे राहतात, कुणी पाना आपटत नाही. आपटला तरी आता काय बिघडणार आहे म्हणा! भाच्यानं खांद्यावर हात ठेवला की मामा डोळे उघडतात आणि मान डोलावतात.

"बघा," भाचा गिऱ्हाइकाला सांगतो, "मामाही तेच म्हणतात."