ग्यानोबाच्या जिभेवरची बदकं

गोरेगावात ग्यानोबाशी बदकांवरून वाद घालायची कोणाची टाप नव्हती. शिकारीला बंदी आली तेव्हा त्याने जाळं गुंडाळलं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. पण त्याआधीच्या सात-आठ हिवाळ्यांत तळ्यावरची जी बदकं धरली, त्यांच्यावर म्हातारा अजून मिशीला पीळ देत होता. टपरीवर कोणी आभाळाकडे नुसतं पाहिलं तरी बदकांच्या एकेका जातीच्या चवीवर गाडी सुरू. नकटा चामट, जबडा दुखवतो. थापट्या बेचव, दिवसभर चिखलात चोच म्हटल्यावर दुसरं काय होणार! आणि चक्रांगाचं नाव निघालं की त्याचे डोळेच मिटायचे.

"लोण्यावानी, बापू! हाडूक बी सोडू वाटत न्हाई."

यंदा वनरक्षक ऐश्वर्या तळ्यावरचे पक्षी मोजायला आली. इतकी बदकं ओळखणारा दुसरा माणूस तिला सापडेना, म्हणून शाळेतल्या कार्यक्रमाला तिने ग्यानोबालाच पाहुणा केलं. उभ्या जन्मात त्याला कोणी चारचौघांत खुर्ची दिली नव्हती. तो सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून तयार होता.

"आजोबा, नुसती ओळख सांगा. चवीचं काढू नका," ऐश्वर्याने बजावलं होतं. पण चवीवाचून ओळख सांगायची कशी, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन मिनिटांत चक्रांग लोण्यापाशी पोचला आणि ऐश्वर्याने कपाळाला हात लावला.

सतरंजीवर बसलेली शेजारीण धुरपताबाई फिसकन हसली.

"अवो भावजी, चामट तं चक्रांग असायचा. नकटा मऊ!"

"तुमाला काय ठावं, वैनी?"

धुरपताबाईने ग्यानोबाच्या बायकोकडे, जनकाबाईकडे पाहिलं. जनकाबाईने पदर तोंडाला लावला, पण आता सुटका नव्हती.

"मला त्यो वास सोसत नव्हता," ती म्हणाली. "तुमी वावरात गेले की मी बदक हिला द्यायची अन् कोंबडी घ्यायची. नकट्याला बुढ्ढा कोंबडा, थापट्याला खुडूक कोंबडी, चक्रांगाला कवळी तलंग. बराबर मापानं दिलं, कमी न्हाई केलं."

शाळा हसून हसून लोळली. ग्यानोबाचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर ज्या जिभेच्या जिवावर मिरवलं, तिला बदक कधी शिवलंच नव्हतं. आता चाखायचं म्हटलं तर कायदा वर्दी घालून शेजारीच बसलेला. त्याला फार वाईट वाटलं.

तो उठला. चिडून चालला, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्याने आपली खुर्ची उचलली, धुरपताबाईपुढे नेऊन ठेवली आणि स्वतः सतरंजीवर मांडी घातली.

"बसा वैनी. अन् नीट सांगा, चक्रांग लागायचा तरी कसा?"