फुंकरवाल्यांचं टेबल

फुंकरवाल्यांबद्दल मला फारच कमी माहिती आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकोणीस वर्षं आम्ही एकाच कॅमेऱ्यांच्या दुकानात होतो. मी पुढे काउंटरवर, ते मागच्या खोलीत. मध्ये प्लायवूडची भिंत आणि त्या भिंतीला एक खिडकी, कॅमेरा आत-बाहेर करता येईल एवढी. त्या खिडकीतून मला त्यांचे हात दिसत आणि थोडी हनुवटी दिसे. ते चहात साखर किती घेतात ते मला ठाऊक होतं, चपलेचा कुठला अंगठा सारखा तुटतो तेही ठाऊक होतं. पण बायको गेल्यावर त्यांनी मुलीला एकट्याने कसं वाढवलं, त्यांना कशाची भीती वाटायची, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारता येत नाही. चार माणसांत मी खुर्च्यांमध्ये जमा असतो.

फुंकरवाले वारल्यावर आपल्या फोटोग्राफर संघाच्या चिटणीसांनी अंकासाठी ‘दोन पानं, चार गोड शब्द’ मागितले. पावत्या सोडल्या तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, म्हणून तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा हो म्हटलं ते गोड शब्दांसाठी नाही. हा अंक वाचणाऱ्या पुष्कळ फोटोग्राफरांनी वर्षानुवर्षं आपले कॅमेरे त्यांच्याकडून साफ करून घेतले, आणि मग एका आठवड्यात ते सगळं बंद केलं. का बंद केलं, त्यातलं निम्मंच तुम्हाला माहीत आहे.

‘फुंकरवाले’ हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलं, तेही उलट्या कारणाने. गिऱ्हाईक काउंटरवर लेन्स काढायचं आणि सवयीने कॅमेऱ्यात तोंडाने फुंकर मारायचं. लगेच खिडकीतून आवाज यायचा, “अहो, तोंडानं नाही. तुमची थुंकी तुमच्याकडेच राहू द्या.” कोणी दाबाच्या हवेचा डबा घेऊन आलं तर त्याला ते दारातच अडवत. डबा जरा तिरका झाला की आतला गार द्रव काचेवर उडतो आणि तो डाग धुळीपेक्षा वाईट, हे ते इतक्या वेळा सांगत की मलाही पाठ झालं होतं.

त्यांच्या खोलीत पंखा नव्हता. होता, पण त्यांनी काढून टाकायला लावला. सकाळी आल्यावर ते फरशी ओल्या फडक्याने पुसत, हात धुवून हवेतच वाळवत, धागे न सुटणारा गुळगुळीत निळा कोट घालत आणि दहा मिनिटं नुसते बसून राहत. खोलीतली धूळ खाली बसायला हवी म्हणून. मालक नवे होते तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस झोपा काढतो. मालकांची खुर्ची वर माळ्यावर, तिथून उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं दुकान चालायचं.

मग ते समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढत, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अगदी बारीक करून. त्यात धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. फोटोत ठिपका वर असला तर धूळ आत सेन्सरच्या काचेवर खाली बसलेली असते, कारण कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. हे मला समजावताना त्यांनी एकदा माळ्याकडे डोळे वळवले आणि हळूच म्हणाले, “आपल्या दुकानात मात्र वरचा डाग वरच आहे.” एकोणीस वर्षांत मी मोठ्याने हसलो असेन तो तेव्हा.

कॅमेरा ते तोंड खाली करून धरत, म्हणजे सुटलेली धूळ बाहेर पडावी. रबरी फुग्याने चार-पाचदा हवा मारत, फुग्याचं टोक आत न घालता. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबत. “निम्मे कॅमेरे साफ करणाऱ्यांनीच बिघडवलेले असतात,” असं त्यांचं म्हणणं. नाहीच भागलं तर पुसायची चपटी काडी घेत, तिच्यावर औषधाचा एकच थेंब, एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परत यायचं, आणि काडी टाकून द्यायची. त्या वेळी त्यांचा श्वाससुद्धा बंद असायचा.

आता मुद्द्याचं. सेन्सर पुसायचा तर आतला आरसा आणि शटर उघडं धरून ठेवावं लागतं, आणि ते धरते बॅटरी. बॅटरी मध्येच बसली तर शटर खाडकन मिटतं, आत काडी असली तरी. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. कॅमेरा आला की बॅटरी मी चार्जरला लावायची. दिवा हिरवा झाला तर परत घालायची. दिवा लुकलुकत राहिला तर ती म्हातारी झाली असं समजायचं आणि खणातली दुकानाची चांगली बॅटरी घालायची. मग पट्ट्याला लाल दोऱ्याची गाठ मारून कॅमेरा खिडकीतून आत द्यायचा. दोरा नसलेला कॅमेरा ते हातात घेत नसत. दोरा असलेल्याची बॅटरी पुन्हा बघत नसत. मी एकदा म्हटलं, तुम्हीही बघत जा. तर म्हणाले, “काउंटरसाहेब, तुमची गाठ असताना मी बघायचं म्हणजे तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होईल.”

दुसरी गोष्ट त्यांच्या कानांची. तरुणपणी ते छापखान्यात होते, यंत्रांच्या खडखडाटात. तिथे कानांतला बारीक आवाज गेला. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येई, पण घड्याळाचा गजर, फोनची किणकिण, कॅमेऱ्याची शिट्टी, यांतलं काही नाही. एकदा त्यांच्या टेबलावर एक कॅमेरा सारखा वाजत होता आणि ते शेजारी शांतपणे चहा पीत होते, तेव्हा मला कळलं. ते जरा ओशाळले. म्हणाले, हे आपल्या दोघांतच राहू द्या, वरच्याला कळलं तर टेबल जाईल. मी म्हटलं, अळीमिळी गुपचिळी. सात वर्षं मी ते पाळलं. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी साडेअकराला शाळांचे गटफोटो काढणारा आला. दोन वाजता चारशे मुलं पायऱ्यांवर उभी राहणार होती आणि त्याच्या प्रत्येक फोटोत, नेमका आकाशात, डाग येत होता. चार्जरच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. त्यांतली एक बॅटरी काढून याची लावता आली असती. खण उघडून दुकानाची बॅटरी घालता आली असती, तो तर माझ्या गुडघ्याशीच होता. पण तो माणूस काउंटरवर बोटं वाजवत होता, आणि कोणी असं समोर उभं राहिलं की माझं डोकं चालत नाही. कॅमेऱ्यावर बॅटरीच्या चारपैकी तीन रेघा दिसत होत्या. मी गाठ मारली आणि कॅमेरा आत दिला.

जुन्या बॅटऱ्या लबाड असतात. तीन रेघा दाखवतात आणि एकदम बसतात. बसण्याआधी कॅमेऱ्याने शिट्ट्या दिल्या. त्या मी ऐकल्या. पहिल्या शिट्टीला मी हातातल्या पावतीवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहीत होतो, आणि ती शिट्टी त्याच कॅमेऱ्याची आहे हे मला कळायला तीन आकडे लागले. मी खिडकीकडे वळलो तेवढ्यात आवाज झाला. लहानसाच. फुंकरवाल्यांनी काडी सोडली नव्हती. ती शटरच्या पात्यांत अडकली होती, दोन पाती वाकली होती आणि सेन्सरच्या काचेवर एक ओरखडा.

मालक माळ्यावरून उतरले. गिऱ्हाइकाने आकांत केला होता, त्याच्यासमोर काहीतरी करून दाखवणं त्यांना भाग होतं. त्यांनी आधी मलाच विचारलं, “बॅटरी भरलेली होती का?”

“होती,” मी म्हणालो.

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. म्हातारी बॅटरी भरली तरी दगा देते, कोणाची चूक नाही, असं झालं असतं. पण मालक माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, त्यांना दिसतंय. म्हणून मी पुढे बोललो, “शिट्टी वाजली होती. यांना ऐकू आली नसेल. यांना बारीक आवाज येत नाही.”

हे वाक्य खरं होतं. आयुष्यात मी इतकं वाईट खरं कधी बोललो नाही.

मालक म्हणाले, “म्हणजे बहिरा माणूस लोकांच्या कॅमेऱ्यांत हात घालतोय, आणि मला कोणी सांगत नाही?” फुंकरवाले म्हणाले, हो साहेब, तेवढा आवाज येत नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. थोड्या वेळाने मालक गिऱ्हाइकाला घेऊन वर गेले, तेव्हा ते खिडकीपाशी आले. प्रथमच मला तिच्यातून त्यांचा सगळा चेहरा दिसला, कारण ते वाकले होते.

“भरली होती ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मग ठीक.”

त्याच संध्याकाळी त्यांचं टेबल गेलं. रबरी फुगा आणि निळा कोट घेऊन ते निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती देताना दोर कोणी वळला ते मला ठाऊक होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून पावत्या लावत बसलो. खोली तशीच राहिली. काही दिवसांनी मालकांनी तिच्यात रिकामी खोकी भरली आणि पंखा परत लावला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गटफोटोवाल्याने सगळीकडे सांगितलं. फुंकरवाल्यांनी घरी बाहेरच्या खोलीत टेबल टाकलं, पाटी लावली. आठ महिन्यांत तीन कॅमेरे आले, त्यांतला एक मुलीच्या मैत्रिणीचा. मग ते एका चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला लागले. तिथल्या मुलींना त्यांनी तोंडाची वाफ काचेवर सोडू नका म्हणून सांगितलं, तर त्या हसल्या म्हणे.

ते वारल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. मुलगी खुर्ची देऊन समोर बसली. ती म्हणाली, बाबा तुम्हाला कधी बोल लावत नव्हते. कानांबद्दल सांगितलंत तेही बरोबर केलंत म्हणायचे. “बॅटरी तर भरलेली होती, काका. त्यांचा कानच त्यांना नडला. ते स्वतःला शेवटपर्यंत माफ करू शकले नाहीत.” मी पाणी प्यायलो, पेला खाली ठेवला आणि घरी आलो. तिला तिथेही सांगता आलं नाही. ती हे इथे वाचेल. तुम्हीही वाचा. कॅमेरा त्यांनी बिघडवला नाही.

आमची शेवटची भेट ते वारण्याच्या दोन महिने आधीची. मी बसच्या थांब्यावर उभा होतो, ते चष्म्याच्या दुकानातून येऊन बाकावर बसले. कानात यंत्र होतं, कातडीच्या रंगाचं. दिवसभर घातलं की डोकं दुखतं म्हणाले, पण आता पाखरंही ऐकू येतात, आणि ती इतकी कटकट करतात हे माहीत नव्हतं. मी शेजारी बसलो. त्या दिवशी मी बॅटरी भरली नव्हती, एवढंच वाक्य. मनात जुळवून तयार होतं. आता तर त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी घसा साफ केला.

त्यांनी विचारलं, “पाठ कशी आहे तुमची?”

मी म्हटलं, “आहे तशीच.”

“रोज शेकता का?”

“राहून जातं.”

“शेकत जा हो. आणि उभ्यानं जाऊ नका, पुढे ड्रायव्हरमागं जागा असते. आली बघा तुमची.”

“बरं,” मी म्हटलं, आणि बसमध्ये चढलो.