फुजैरातला बर्फाचा वर्ग

यूएईतल्या फुजैरात तेलाच्या टाक्या असलेल्या एका टर्मिनलवर मी सेफ्टी ट्रेनर आहे. म्हणजे कामगारांनी पडू नये, भाजू नये, मरू नये हे त्यांना पडद्यावर चित्रं दाखवून सांगायचं आणि सांगितल्याची सही घ्यायची. यातलं सहीचं काम सगळ्यात महत्त्वाचं.

गेल्या जुलैत युरोपातल्या हेड ऑफिसातून एक नवा सक्तीचा वर्ग आला. विषय: हिवाळ्यात पायवाटांवरच्या बर्फावर मीठ टाकणे. जगातल्या सगळ्या साइट्सना लागू. बाहेर पंचेचाळीस डिग्री, जिन्याच्या रेलिंगला उघडा हात लावायची सोय नाही, आणि मी टाक्या रंगवणाऱ्या पंचवीस जणांना सांगायचं, की बाबांनो, बर्फावरून घसरू नका. मी कपाळाला हात लावला. घरी मुलीला सांगितलं, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "आई, जस्ट डू इट अँड गेट पेड." इथे वाढलेल्या पोरांना व्यवहार लवकर कळतो.

दुपारी बाहेरचं काम कायद्यानेच बंद असतं. पण सकाळी साडेदहाच्या उन्हाने कुठे कायदा वाचलाय? मी वर्गाची वेळ साडेदहा ठेवली. ट्रेनिंग रूमला एसी होता. रंगाचे डाग पडलेली ती पंचवीस माणसं आत आली आणि पाच मिनिटं नुसती डोळे मिटून बसली.

पँट्रीतून बर्फ आणून मी दोन वाडग्यांत काढला, एकात मूठभर मीठ टाकलं. समजावलं, की बर्फावर पाण्याचा पातळ थर असतोच, मीठ त्यात विरघळतं, खारं पाणी शून्य डिग्रीला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते, म्हणून बर्फ वितळत जातो. थर्मामीटर शून्याखाली गेलेला दाखवला. विज्ञानाचा हा चमत्कार एकानेही पाहिला नाही. सगळ्यांचं लक्ष बिनमिठाच्या वाडग्याकडे. वर्ग सुटला तेव्हा तो वाडगा रिकामा होता आणि पंचवीस बाटल्यांत बर्फाचे खडे खुळखुळत होते.

शेवटी एक छोटी परीक्षा. नियम असा, की दर आठवड्याला सगळ्यांची परीक्षा, आणि नापास होईल त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गाला बसायचं. पहिल्या दिवशी तिघे नापास झाले. ते तिघे पुन्हा एसीत बसणार ही बातमी दुपारपर्यंत कामगारांच्या कॅम्पभर झाली आणि पुढच्या आठवड्याच्या परीक्षेत माझा अख्खा वर्ग धडाधड कोसळला. बर्फ कशाने वितळतो? कुणी लिहिलं पेट्रोलने, कुणी दुआ मागून. खेडचा एक पेंटर होता, पन्नाशीचा, माझ्याशी मराठीत बोलायचा. त्याने लिहिलं, "मॅनेजर आल्यावर."

हा पेंटर जूनमध्ये टाकीवरून उतरताना घेरी येऊन बसला होता. डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर अनफिट, म्हणजे खलास, थेट घरी. तेव्हापासून त्याला सकाळचा तो अर्धा तास हवाच होता. मी लाल पेन काढलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाला नापास केलं नव्हतं. चार आठवडे केलं.

ऑगस्टअखेर हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. जेवणाच्या टेबलावर गप्पा रंगल्या आणि माझी जीभ वळवळली. चारचौघांत हशा मिळवण्याची मला फार हौस. मी बर्फाच्या वर्गाचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. पेट्रोलचं उत्तर सांगितलं, पेंटरची नक्कल केली. साहेब डोळे पुसत म्हणाले, "यू आर टू गुड!" मी खूश.

सोमवारी मेल आला. उष्ण प्रदेशांतल्या साइट्सना हा वर्ग यापुढे लागू नाही. कामाचे तास वाया जात होते हे लक्षात आणून दिल्याबद्दल माझं खास कौतुक. मी धावत मॅनेजरकडे गेले, म्हटलं, त्याऐवजी उष्माघातावर वर्ग घेते. तो म्हणाला, "वो तो मे में हो गया ना मॅडम, सबका साइन है." सह्या मीच घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला खेडचा पेंटर ट्रेनिंग रूमच्या बंद दारापाशी हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"ताई, आम्ही सारखे नापास होतो म्हणून बंद केलात ना? आम्ही मुद्दाम चुकीचं लिहायचो. मला सगळं येतंय." आणि एका दमात म्हणाला, "बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. मीठ त्यात विरघळतं. खारं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. म्हणून बर्फ वितळत जातो. आणखी काय ते विचारा. पण वर्ग बंद नका करू."

सगळं बरोबर होतं. तुम्ही नाही, मी बंद पाडला, हे त्याला सांगायला हवं होतं. लाजेने मान वर होईना.

"पास आहात तुम्ही," एवढंच म्हणाले.

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि टाकीच्या जिन्याकडे निघाला. दहा चाळीस झाले होते.