झिणीची पुरचुंडी

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोल लावायला नको. भाजीवालीनं वरचं वांगं दिलं तर मी खालचं उलटून बघतो. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. घरातले हसतात. हसोत बापडे! पण हा स्वभाव मी जन्माला येताना आणलेला नाही. तो मला इटलीत चिकटला.

साठच्या दशकातली गोष्ट. शेतकीची पदवी घेऊन मी कर्जतजवळ भाताच्या सरकारी शेतावर सहायक म्हणून लागलो होतो. तिथं असतानाच अर्ज केला आणि इटलीची शिष्यवृत्ती मिळाली. अट अशी होती की पहिल्या वर्षात काम चांगलं झालं तर आणखी दोन वर्षं मिळणार आणि मी भातात डॉक्टरेट घेऊन येणार. नाही झालं तर एक प्रमाणपत्र हातात देऊन परतीच्या बोटीवर बसवणार. आमच्या कडाव गावाला डॉक्टर म्हणजे सुया टोचणारा एवढंच ठाऊक. पारावरची म्हातारी माणसं मला विचारायची, "काय रं, आता भाताला सुया टोचनार काय?"

तिथल्या प्राध्यापकांचं पत्र आलं की येताना तुमच्या घरचं थोडं भात घेऊन या. आपलं उष्ण मुलखातलं भात त्यांच्या थंड पाण्यात किती रुजतं, हेच माझं काम ठरलं होतं. बा हरखला. झिणी म्हणजे आमच्याकडचं बारीक भात, आणि आमच्या घरचं झिणीचं बियाणं आख्खा कडाव मागून न्यायचा. बानं एकेक लोंबी निवडली, झोडली, पाखडली. "बोटीवर दमट लागंल, बुरशी धरंल," म्हणून आयनं ते वाळवायला आपल्या ताब्यात घेतलं आणि मी निघायच्या दिवशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून हातात दिलं. ती मला पोचवायला स्टेशनावरसुद्धा आली नाही. तिचा एकुलता एक भाऊ तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, दोन वर्षं त्याची पत्रं आली आणि मग बंद झाली. तेव्हापासून बोटीचं नाव काढलं की आय उठून आत जायची.

मी गेलो ते गाव पाव्हिया. मिलानपासून जवळ, नदीकाठी, जुनं विद्यापीठ असलेलं. गावाबाहेर पडलं की भातखाचरं. मला वाटलं, वा, घरीच आलो! पण ती खाचरं पाटासारखी सपाट, ना राब भाजून रोपं करणं, ना ती उपटून चिखलात आवणी. पाणी भरायचं आणि बी सरळ वरून फेकायचं. आवणीला वाकून वाकून माझ्या आयची कंबर गेली ती आठवून मला त्यांचा रागच आला. आणि मी पोचलो तेव्हा तिथं होतं फक्त धुकं. सकाळी उठावं तर समोरचं घर नाही. दुपारी बारालाही दिवे लावून सायकली चालवायचे लोक.

मी एका विधवा बाईकडं वरच्या मजल्यावर राहायचो. सिन्योरा म्हणायचे तिला सगळे. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तेलाच्या बाटलीवर ती पेन्सिलीनं खूण करून ठेवायची आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर पडलो की उजेडात धरून बघायची. त्यात आणखी एक भानगड झाली. तिकडच्या संडासात पाणी कुठलं? तांब्या मी नेला नव्हता. मग दारूची एक रिकामी बाटली धुऊन घेतली आणि रोज सकाळी भरून आत नेऊ लागलो. सिन्योरानं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी जाऊन चर्चच्या पाद्र्याला सांगितलं की हा हिंदुस्थानी सकाळी सकाळी संडासात दार लावून दारू पितो! पाद्री समजूत घालायला घरी आले. मला तेव्हा इटालियन येत होतं ते भातापुरतंच. आता त्या पाद्रीबुवांना मी खुणा करून काय दाखवणार, तुम्हीच सांगा!

त्या दिवशी माझ्या मदतीला धावला तो माझा खोलीतला सोबती. तोही विद्यार्थीच, इटलीच्या पार दक्षिण टोकाकडचा. त्यानं पाद्र्यांना कोपऱ्यात नेऊन कानात सांगितलं, आणि पाद्री लालबुंद होऊन जिना उतरले. सिन्योराला तोही आवडत नसे. दक्षिणेचा माणूस म्हणजे आळशी आणि चोर, हे उत्तरेकडच्यांचं पक्कं ठरलेलं. "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी," असं काहीसं ती म्हणायची. त्याची आई त्याला पार्सलनं लाल मिरच्यांची माळ पाठवायची. पहिल्यांदा त्यानं स्पिरिटच्या स्टोव्हवर त्या मिरच्या घालून घेवडा शिजवला तेव्हा महिन्याभरानं माझ्या जिभेला तिखट लागलं. मी रडलो हो! त्याला वाटलं तिखटानं. मीही तसंच सांगितलं.

प्रयोगशाळेत आमचं टेबल एकच होतं. पुरचुंडी मी त्याच्यासमोरच सोडली. सोडल्या सोडल्या धुराचा वास आला आणि मला आमचं घर दिसलं, चूल दिसली, फुंकणी घेऊन बसलेली आय दिसली. त्यानं चार दाणे तळव्यावर घेतले, हुंगले आणि म्हणाला, "हे जळलंय."

"तुझं नाक जळलंय," मी म्हणालो. "आमच्या घरचा वास आहे तो."

त्यानं खांदे उडवले आणि आपल्या कामाला लागला.

काचेच्या बशीत ओला टिपकागद घालून शंभर दाणे मांडायचे, आणि बशी ठराविक उबेच्या कपाटात ठेवायची. शेजारच्या बशीत तिथलं भात. दहा दिवसांनी बघितलं तर त्यांच्या भाताला पांढरे लुसलुशीत मोड, आणि माझं भात जसंच्या तसं. ठीक आहे, म्हटलं, थंडी सोसली नाही, हाही निष्कर्षच. कपाटाची ऊब वाढवून दुसरी बशी लावली. काही नाही. मग कर्जतच्या जूनएवढी ऊब ठेवली. तरी एक दाणा हलेल तर शपथ!

प्राध्यापक भला माणूस. म्हणाले, "बी मेलेलं आहे."

मला ते शिवीसारखं लागलं. माझ्या बानं हातानं निवडलेलं झिणीचं बी मेलेलं? ईस्टरच्या सुट्टीच्या आत रुजवून दाखवलं नाही तर हे काम बंद, असं त्यांनी सांगितलं. काम बंद म्हणजे शिष्यवृत्ती बंद. मी घरी पत्र टाकलं. बाला लिहिता येत नव्हतं, त्याचं उत्तर शाळेच्या गुरुजींनी लिहिलं होतं, पण बोल बाचेच होते: "बी एक लंबर व्हतं. त्याच बियाची आपली शेती हाय. तिकडंच कुनी कायतरी केलं आसंल. परक्या मुलखात कुनावर इसवास ठेवू नको."

झालं! त्या पत्रानं माझ्या डोक्यात जे भूत शिरलं ते काही केल्या निघेना. कुणी केलं असेल? कपाटाची किल्ली कुणाकडं असते? माझ्याकडं आणि त्याच्याकडं. माझं काम बुडालं तर पुढची दोन वर्षं कुणाला मिळतील? त्यालाच, कारण त्या टेबलावर दुसरं होतंच कोण! आणि पहिल्याच दिवशी "जळलंय" असं तो का म्हणाला? आधीच सबब पेरून ठेवली होती लबाडानं. घेवड्याचा वाडगा तो पुढं करायचा आणि मी मनात म्हणायचो, गोड बोलून गळा कापतोय.

मी पाळत ठेवली. शेवटचे शंभर दाणे लावले आणि कपाटाच्या दाराला फटीवर माझ्या डोक्याचा एक केस डिंकानं चिकटवला. शनिवारी संध्याकाळी लावलेला केस सोमवारी सकाळी तुटलेला होता. दाणे तसेच मुके. मी बशी उचलली आणि सरळ प्राध्यापकांच्या खोलीत गेलो. तो तिथंच उभा होता. "यानं माझं बी मारलं," मी म्हणालो. "हा चोरून कपाट उघडतो." माझं इटालियन मोडकंतोडकं, पण तेवढी दोन वाक्यं मी रात्रभर घोकून बिनचूक बसवली होती.

तो आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्याचा चेहरा उतरला. "रविवारी कागद सुकले होते," तो म्हणाला. "मी पाणी घातलं. दर रविवारी घालतो. तू चर्चच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलेला असतोस." आणि मग अगदी हळू, "तुझ्या भाताला पहिल्या दिवसापासून जळका वास येतोय."

मी ऐकून घेतलं नाही. त्यानं त्याच दिवशी खोली सोडली. मिरच्यांची माळ मात्र खुंटीला तशीच ठेवून गेला. सिन्योराला काय आनंद झाला म्हणून सांगू! "मी म्हणत नव्हते? दक्षिणेचे सगळे असलेच!" असं म्हणून तिनं मला पहिल्यांदाच स्वतःच्या हातचा केक कापून दिला. तेलाच्या बाटलीवरची खूणही त्या दिवसापासून बंद झाली. मी तो केक खाल्ला. चवीनं खाल्ला, खोटं कशाला बोलू.

शिष्यवृत्ती वाढली नाही. उरलेले महिने मी दुसऱ्याच्या प्रयोगात आकडे उतरवून देत काढले आणि एका पानाचं प्रमाणपत्र घेऊन परत आलो. आलो तेव्हा कडावला कापणी चालू होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर बसून मी बाला सगळी हकीकत सांगितली. आय एका बाजूला सुपात वाल निवडत होती. त्या दक्षिणेच्या माणसाला मी मराठीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या मोजून घातल्या. बा मान हलवत होता. "मी लिवलं व्हतं ना तुला," तो म्हणत होता.

"त्याला कशाला शिव्या घालतोस रं," आय म्हणाली. तिनं सुपातून डोळे वर केले नव्हते. "त्या बिचाऱ्यानं काय केलं? बी मी भाजलं व्हतं."

बाचा पानाला चुना लावणारा हात तसाच थांबला.

"तव्यावर. मंद आचंवर, हलवून हलवून. एक बी दाना फुटू दिला नाय, कळू नये म्हून."

"का गं?" मी विचारलं.

"माझा भाव गेला तो गेला. म्हटलं, आपलं भात तिथं रुजलं तर हा बी तिथंच रुजंल. नाय रुजलं तर येईल माघारी."

मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "माझं वाटोळं केलंस तू," एवढं नक्की म्हणालो, आणि ते गल्लीत ऐकू गेलं. "व्हय, केलं," ती म्हणाली. रडली नाही. बा मात्र उठला आणि शेताकडं निघून गेला. त्याच्या हातचं बी परमुलखात मेलेलं ठरलं होतं, ते त्याला फार लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

आणि मला त्या दोन दिवसांत सारखं ऐकू येत होतं: हे जळलंय. सगळ्या इटलीत खरं बोलणारा तो एकटा माणूस, आणि त्याच एका वाक्यावरून मी त्याला चोर ठरवलं. दर रविवारी तो मेलेल्या दाण्यांना पाणी घालत होता. लाज वाटली मला. आजही वाटते.

मिरच्यांच्या पार्सलावरचा त्याच्या गावचा पत्ता माझ्या वहीत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला पत्र लिहायला बसलो. आय दारात उभी राहून बघत होती.

"त्यालाच लिवतोस?"

"हो."

"मग थांब." ती आत गेली, कणगीत हात घातला आणि मूठभर झिणी माझ्या ओंजळीत आणून ओतली. "ह्ये पाठव त्याला. म्हनावं, म्हातारीनं दिलंय. ह्ये चांगलं हाय."

मी ओंजळीकडं बघितलं. आणि काय सांगू, हात आपोआप नाकाशी गेला. नुसता वास घेऊन थांबलो नाही. एक दाणा सोलून उजेडात धरला, दाताखाली कट्कन तोडून बघितला. वास कोरड्या भाताचा होता, कणगीच्या शेणामातीचा. धूर नव्हता. मान वर केली तर आय माझ्याकडंच बघत होती.

"घे, अजून एकदा वास घे," ती म्हणाली. "आता माझ्या हातचं तू वास घेतल्याबिगार खायाचा नायस."

"नाय गं आय, कायतरीच काय बोलतेस," मी म्हणालो.

बी पोस्टानं गेलं. उत्तर आलं नाही. आय पुढं खूप वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत मला तीच वाढायची. ताट ठेवलं की ती लगेच चुलीकडं तोंड करून बसायची, मी पहिला घास कसा उचलतो ते आपल्याला दिसू नये म्हणून.