टपालबहीतील सही

१९५६ : राज्यांची फेररचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९५९ : कन्नडच्या खातेपरीक्षेचे माझे प्रवेशपत्र दडपले गेले. १९६० : मी नोकरी सोडली. जबाबदार व्यक्ती : दुसऱ्या व तिसऱ्या बाबीस आमच्या कचेरीचे हेडक्लार्क हणमंतप्पा.

ही यादी मी आयुष्यभर म्हणत आलो. संपादकांना लिहिलेल्या किती पत्रांत ती आली असेल, मला सांगता येणार नाही. धारवाडच्या सप्तापुरातल्या काही विद्यार्थ्यांनी परवा घरी येऊन वार्षिकासाठी लेख मागितला. सरळ वाट नसताना आपण आपला व्यवसाय कसा शोधलात, असा त्यांचा विषय. लिहायला बसलो, तर हात सवयीने याच यादीकडे गेला. परंतु तिच्यातली दुसरी बाब खोटी आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही, आणि आता ती ऐकायला नाही.

मी अळणावरचा. वडील लाकडाच्या वखारीत ओंडके मोजत. मॅट्रिक होऊन मी धारवाडच्या एका सरकारी कचेरीत कारकून झालो, तेव्हा पुढची वाट आखलेली होती : कारकून, हेडक्लार्क, पेन्शन. मग कचेरीचे कागद कन्नडात गेले आणि कायम होण्यासाठी परीक्षा आली. कन्नड मला येत नव्हते असे नाही. इथे कोणाला येत नाही? पण मी ते बोलत होतो, लिहीत नव्हतो. हणमंतप्पा — मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत — कचेरी सुटल्यावर मला समोर बसवून मसुदे लिहून घेत. भाजीवालीशी भांडताना तुझे कन्नड धावते, कागदावर आले की लंगडते, असे म्हणून हसत. परीक्षेचा अर्जही त्यांनीच भरला.

आमच्याकडे कोणताही कागद हाती देताना टपालबहीत सही घेत. माझे प्रवेशपत्र आले त्या दिवशी अण्णांनी बही पुढे केली आणि म्हणाले, आजपासून सही कन्नडात. मी केली. आयुष्यातली माझी पहिली कन्नड सही — वाकडी, शाळकरी. त्यांनी ती शिपायाला बोलावून दाखवली. इतके कौतुक!

परीक्षा हुबळीला होती. मी स्टेशनवर गेलो आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. अळणावरला उतरून संध्याकाळपर्यंत ओंडक्यांच्या राशीपाशी बसून राहिलो. का? मराठी शाळेत पहिला आलेला मी, माझ्याहून कनिष्ठ मुलांच्या रांगेत बसून नापास झालो असतो तर? एवढेच कारण. मोठे असते तर बरे झाले असते.

घरी सांगितले, प्रवेशपत्र मिळालेच नाही. भाऊ संतापला. ओळखीचे मराठी लोक म्हणाले, हे मुद्दाम झाले, तक्रार कर. आणि — हे कसे समजावू? — खोटे बोलता बोलता मला खराच राग आला. तक्रार मीच लिहिली. इतका नेटका मजकूर त्यापूर्वी मी लिहिला नव्हता.

चौकशी झाली. साहेबांनी टपालबही उघडून विचारले, ही सही तुमची का? मी म्हणालो, "साहेब, मी मराठीत सही करतो."

वाक्य नीट पाहा. त्यात खोटे काही नाही. मी नाही म्हटले नाही. कचेरीतल्या प्रत्येक कागदावर माझी मराठी सही होती. सगळ्यांनी ते कागद पाहिले, मग ती वाकडी कन्नड सही पाहिली, आणि उरलेला अर्थ स्वतःच काढला. कायद्याच्या दृष्टीने मी सुरक्षित होतो. तो शिपाई बदलून गेला होता. अण्णा माझ्याकडे वळले.

"तम्मा, मग ही कोणाची? तूच सांग."

मी खिडकीकडे पाहिले.

बनावट सहीचा ठपका त्यांच्या सेवापुस्तकात लागला, बढती गेली, बदली झाली. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि लोकांनी मला लढवय्या ठरवले. वखारीत बसलो, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामगारांची निवेदने लिहिली, शेवटी कचेरीबाहेर टेबल टाकून अर्जनवीस झालो. हेच माझे काम होते, हे मला टेबलाशी बसल्यावर कळले. खेड्यातून आलेला माणूस समोर बसून आपला अन्याय उलटसुलट सांगतो आणि मी त्याला क्रम देतो — मराठीत, कन्नडात, हव्या त्या भाषेत. कन्नड मसुद्यांची तर लोक तारीफ करतात. ती घडण कोणाची, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांची मुलगी टेबलाशी आली. ठपका काढून टाकण्याचा अर्ज लिहून हवा होता.

"अप्पांनी सांगितलंय, अर्ज तुमच्याकडूनच लिहून घ्यायचा," ती म्हणाली.

 तिला माहीत होते का? त्यांनी मला संधी दिली होती, की फक्त चांगला अर्जनवीस निवडला होता? मी दोन दिवस खपून अर्ज लिहिला. नियम होते, दाखले होते, भाषा निर्दोष होती. एकच वाक्य नव्हते, आणि तेवढ्या एका वाक्याने काम झाले असते. अर्ज फेटाळला गेला. अण्णा तो ठपका घेऊनच गेले.

मुलांनो, अन्यायाने मला माझ्या वाटेवर आणले, असे तुम्हाला ऐकायचे असेल. अन्याय झाला, हे खरे. तो माझ्यावर झाला नाही.

माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक मागणी असे : संबंधिताने जाहीर उत्तर द्यावे. अनेकांना मी ते द्यायला लावले. चौकशीच्या खोलीत विचारलेला एक प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे, आणि त्यातला संबंधित मी आहे. उत्तर छापून यावे, अण्णांच्या मुलीच्या हाती पडावे. तिने काय करावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही.

अण्णा, ती सही माझी. या मजकुराखाली पुन्हा करतो आहे — कन्नडात, तुम्ही शिकवलीत तशी.