हिरोचं ऑपरेशन

तो पिच्चर मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा नारायणगडाच्या यात्रेत, तंबूत, मातीवर बसून. दुसऱ्यांदा औंदा पोळा झाल्यावर, आमच्याच घरात, भर दुपारी टीव्हीवर. पिच्चर तोच, हिरो तोच. पण दुसऱ्यांदा पाहताना तोंडातली तंबाखू थुंकायची का गिळायची तेच मला उमगेना, असा मी बसल्या जागी थिजलो.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. शाळा चौथीपर्यंत. गुरुजींनी विनाकारण मारलं म्हणून पाटी तिथंच टाकून घरी आलो, आणि बापानं मारलं तरी पाटी आणायला गेलो नाही. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. तू मधीच शुद्ध करत बसशील.

यात्रेतल्या तंबूत बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, मधी कासरा बांधलेला. पिच्चर परदेशातला, पण हिंदीत बोलायला लावलेला. हिरो आधी बंदरावर ओझी वाहणारा साधा हमाल. शहरावर संकट येतं. आभाळातून कोण कोण उतरतात आणि पूल पाडतात, आगगाड्या उचलून फेकतात. मग एक बडा शेठ त्या हमालाला आपल्या दवाखान्यात नेतो. तिथं डॉक्टर त्याला टेबलावर निजवून बरगडीखालून एक गाठ काढतो. ती गाठ म्हणे माणसाला थकवा आणते. ती काढली की दुखणं नाही, झोप नाही, दम लागणं नाही. डॉक्टर ती गाठ स्टीलच्या ताटलीत धरून म्हणतो, "अब ये कभी नहीं थकेगा."

त्या वाक्याला सगळा तंबू उठला. उठणारच. तंबूत निम्म्याहून जास्त माणसं ऊस तोडणारी होती. दिवाळी आली की बिऱ्हाड घेऊन निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. पहाटे फडात शिरायचं, गाडी भरेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. आम्हाला उडता येण्याचं काय कौतुक? आभाळात जाऊन करायचं काय? पण न थकणारा माणूस म्हटल्यावर आमची छाती फुगली. मी तर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढचा माणूस कानावर हात ठेवून वळला. कासऱ्यापलीकडे आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, तीही टाळ्या वाजवत होती. तेव्हा ती म्हातारी नव्हती. धाकट्या पोराचं जावळ नुकतंच काढलं होतं.

पुढं हिरो पडता पूल पाठीवर धरतो, वरून आगगाडी जाते. तिथंही शिट्ट्या. एका जागी तो चुलीवर हात टेकवतो आणि हात भाजतोय ते त्याला कळतच नाही. त्याची बायको जळका वास येतो म्हणून धावत येते. तिथं सगळे हसले. शेवटी एक दार उघडतं, आत लांबच लांब खाटांची रांग, प्रत्येक खाटेवर एकेक माणूस गळ्यापर्यंत पांढरी चादर घेऊन. पिच्चर संपला. आम्ही खूश, की आता दुसरा भाग येणार आणि हिरोची पलटणच उभी राहणार.

आता ऊसतोडीतली एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधून डोक्यावर वाहायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नाही. बाई आजारी पडली की नवराही बसला. कामाचा दिवस बुडाला की खाडा, वर दंड. बायांना महिन्याची अडचण असते, अंगावरून जातं, पोट दुखतं, आणि फडात ना आडोसा ना पाणी. तेव्हा गावोगावच्या दवाखान्यांतून एकच सांगणं सुरू झालं, की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. पिशवी म्हणजे बाईची, लेकराची पिशवी.

यात्रेच्या पुढच्या साली म्हातारीनंही काढली. टाके वाळल्यावर ती पाचटाच्या कोपीच्या दारात बसली होती. शेजारणी विचारायला आल्या. ती म्हणाली, "माझं हिरोचं ऑपरेशन झालंय. आता ही बाई थकत नसती." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. माझी बायको विनोद करण्यात कुणाला हार जात नव्हती.

तो विनोद टोळीत फिरला. पुढच्या साली दुसऱ्या टोळीत ऐकला. मग जी बाई दवाखान्यातून आली, तिला विचारायचं, झालं का हिरोचं? ज्यांनी तंबू पाहिला नव्हता त्याही तसंच म्हणायच्या. आमच्या वस्तीवर आता दाढ काढली म्हणावं, तितक्या सहज हे म्हणतात.

आता धाकट्याची बायको. तिशीची झाली नाही अजून. दोन लेकरं. अंगानं काटक, तोंडानं कमी. गेल्या हंगामापासून तिचं पोट दुखायचं. धाकट्यानं तिला तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सोनोग्राफी केली, कागद हातात दिला आणि सोमवारी या म्हणाला. घरी आल्यावर तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "मामा, माझं बी हिरोचं ऑपरेशन हाय सोमवारी." मेळ्याला जायचं असल्यासारखं. मी म्हटलं, बरं.

दोन दिवसांनी टोळीचा मुकादम आला. तो जोड्या जमवत फिरत होता. ओट्यावर बसला, चहा घेतला, धाकट्याशी ऊस कुठला, कारखाना कुठला, ऑपरेशन कधी ते बोलला. उठताना त्यानं आत चुलीकडे मान वळवून विचारलं, "सोमवारी म्हंजे दिवाळीपस्तोर उभी राहील ना?" धाकटा म्हणाला, राहील. मुकादम गेला. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. माणसानं कामाचं विचारावं, तसं त्यानं विचारलं.

मग तो रविवार. पोरांनी टीव्ही लावला होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. बंदर दिसलं, ओझी वाहणारा हमाल दिसला आणि मी झटकन ओळखलं. मी मोठ्यानं सांगितलं की कुणी चॅनल बदलायचं नाही, हा माझा पिच्चर आहे. सुनेला हाक मारली, ये, बस, ज्या हिरोचं नाव घेता तो हिरो तरी बघा एकदा. ती डाळ निवडत होती, ती ताटासकट येऊन बसली. म्हातारीही येऊन खांबाला टेकली. मी आधीच पुढचं पुढचं सांगत होतो. धाकटा म्हणाला, "दादा, तुमीच बोलायचं हाय तर आवाज बंद करू का?"

ऑपरेशन आलं. तंबूत शिट्ट्यांत जे ऐकू आलं नव्हतं ते घरात स्वच्छ ऐकू येत होतं. हमाल टेबलावर पडलाय आणि डॉक्टरला विचारतोय की काय काढणार? डॉक्टर त्याला उत्तरच देत नाही. तो काचेकडे बघतो. काचेपलीकडे शेठ उभा आहे. शेठ हमालाला काही विचारत नाही, दुखेल का, जगेल का, काही नाही. तो डॉक्टरला एवढंच विचारतो, की हा उभा कधी राहील?

माझ्या मानेवर कुणी गार पाण्याचा हात ठेवावा तसं झालं. मी धाकट्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण डाळीच्या ताटात सुनेचा हात थांबला होता.

मी गप्प झालो. मी पिच्चर चालू असताना गप्प बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पोरंही माझ्याकडे बघायला लागली.

चुलीचं आलं. हिरो हात टेकवतो. तंबूत आम्ही हसलो होतो. घरात कुणी हसलं नाही. जळणारा हात बघत तो उभा होता, दुसऱ्याचा हात असल्यासारखा, आणि त्याची बायको तो हात पाण्यात बुडवून रडत होती. रडणं तंबूत दिसलंच नव्हतं मला. पडद्यावर असणार तेव्हाही. आम्ही हसत होतो म्हणून दिसलं नाही.

तेवढ्यात म्हातारी खांबापासून उठली. तिला हल्ली असं होतं, एकाएकी अंग पेटतं, थंडीतसुद्धा घाम फुटतो आणि ती पदर सोडून दारात वाऱ्याला जाऊन बसते. गुडघे गेलेत, कंबर गेली. रात्रभर जागी असते. मी म्हणायचो, वय झालं. पण तिची थोरली बहीण अजून पाण्याची घागर उचलते, हे मी कधी मोजलंच नव्हतं. दारातूनच, टीव्हीकडे पाठ करून, ती म्हणाली, "त्याला झोप लागत न्हाई म्हनून तुमी शिट्ट्या मारल्या. मला बी लागत न्हाई. पिशवी काढल्यापसून."

टीव्हीवर पूल पडत होता, हिरो त्याखाली शिरत होता, आणि आगगाडीतली माणसं वाचत होती.

शेवटचं दार उघडलं. खाटांची ती रांग. सून हळूच म्हणाली, "दवाखान्यात बी आशाच खाटा हायत, मामा. समद्या बायाच होत्या. एक माझ्याहून ल्हान होती."

ज्या रांगेला पलटण समजून मी खूश झालो होतो, त्या रांगेतल्या एका खाटेवर माझी बायको होती. आणि आता सोमवारी दुसऱ्या खाटेवर माझी सून निजणार होती, हसत, आमच्याच घरातला विनोद तोंडात घेऊन. तिनं तो पिच्चर कधी पाहिलाच नव्हता. तिला वाटायचं, हिरोचं म्हणजे चांगलंच असणार.

मी म्हटलं, उद्या कुणी कुठं जायचं नाही.

धाकटा उसळला. तो वाईट नाही, पण घर त्याच्या खांद्यावर आहे आणि मुकादमाला शब्द त्यानं दिलाय. तो म्हणाला, डॉक्टर शिकलेला आहे, दुखणं तिला आहे, तुम्ही चौथी, तुम्हाला काय कळतं? मग म्हणाला, "पिच्चर बगून दवाखाना ठरवायलेत का दादा? उद्या म्हनताल, पूल पडला तर मी बी खाली जाऊन उभा राहतो."

पोरं हसली. ते मला लई लागलं. खरंच, माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ना कागद, ना शिक्षण. एक पिच्चर आणि दारात बसलेली म्हातारी. मी एवढंच म्हटलं की मी जिवंत असेपर्यंत जायचं नाही, आणि उठून कोनाड्यातला तो सोनोग्राफीचा कागद घेऊन खिशात घातला. धाकटा म्हणाला, ही दादागिरी झाली. मी म्हटलं, झाली.

तेव्हा म्हातारी आत आली. ती आम्हा दोघांवरही चिडली होती. म्हणाली, "दोघं बी भांडा. तिला कुनी इचारलं का?"

आम्ही सुनेकडे वळलो. तिनं डाळीतला एक खडा काढला, दाराबाहेर फेकला. म्हणाली, "मला भ्या वाटायलंय. आदी न्हवतं वाटत." थोडं थांबून म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तो बी काढा म्हनला तर काडीन. मग मामांनी बी आडवायचं न्हाई."

अट तिनं घातली. मला मान्य करावी लागली. धाकटा पाय आपटत बाहेर गेला, पण नाही म्हणाला नाही.

सोमवारी आम्ही तिघं एसटीनं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मी, म्हातारी आणि सून. मी कागद छातीशी धरून बसलो होतो. दुसरा डॉक्टर तेच म्हणाला तर मी शब्दात अडकलो होतो. तिथं बाई डॉक्टर होती. बाप्यांना आत येऊ देईना. मी बाहेर बाकड्यावर. आत दोघी गेल्या त्या लवकर आल्याच नाहीत. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, शिपायानं दोनदा बसवलं.

आल्या तेव्हा सूनच आधी बोलली. पिशवी चांगली आहे. आत सूज आहे, गोळ्या घ्यायच्या, महिन्यानं परत दाखवायचं. काढायची गरज नाही. तिच्या हातात गोळ्यांची पुडी होती आणि ती ती पुडी सारखी उघडून बघत होती.

म्हातारीचे मात्र डोळे लाल. मी काय झालं विचारलं, तर म्हणाली, गाडी चुकेल, चला.

गाडीत म्हातारी पुढच्या सीटवर खिडकीशी बसली. सून माझ्या शेजारी. अर्ध्या वाटेत तिनं मला हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरीणबाईनं आत्याबाईंनाही तपासलं. पिशवी कधी काढली, विचारलं. साल त्यांना सांगता येईना. त्या म्हणाल्या, धाकट्याचं जावळ काढलं, त्याच्या पुढल्या साली. बाईनं धाकटा आता केवढा आहे ते विचारलं, मनात हिशेब केला आणि पेन खाली ठेवला. मग विचारलं, तेव्हा काय झालं होतं तुम्हाला? आत्याबाई म्हणाल्या, काही नाही, फडात अडचण व्हायची.

"मग डॉक्टरीणबाईंनी उठून आत्याबाईंला सोताच पानी दिलं, मामा," सून म्हणाली.

मी पुढं पाहिलं. म्हातारीचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि गाडीच्या धक्क्यासरशी हलत होतं. तोंड थोडं उघडं. तिला झोप लागली होती. भर गाडीत, एवढ्या गोंगाटात.

आमचा फाटा आला. कंडक्टरनं घंटी मारली. सून उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं आणि कंडक्टरला पुढच्या दिंद्रुडची तीन तिकिटं मागितली.

तो म्हणाला, "आजोबा, तुमचं गाव तर हेच ना?"

"हेच हाय," मी म्हटलं. "तू तिकिटं दे."